जुन्या कर्नलसाठी अर्ज

उणे ८ आणि उणे ६२. लिनक्सच्या एका वाय-फाय ड्रायव्हरमध्ये २०१८ साली जी दुरुस्ती झाली, तिला जोडलेल्या टिपणात हे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. रिअलटेकच्या आरटीएल ८७२३बीई या चिपला अँटेना जोडायला दोन जागा असतात. ड्रायव्हरने योग्य जागा धरली तर सिग्नल उणे ८ डीबीएम, चुकीची धरली तर उणे ६२. या मापात दर दहा अंकांनी खाली गेलं की ताकद एक दशांश होते. चोपन्न अंकांचा फरक म्हणजे सुमारे अडीच लाख पटींचा फरक. उणे ८ इतका जोर लॅपटॉप राउटरला जवळजवळ टेकवल्यावरच मिळतो, म्हणजे ही मोजणी अगदी जवळून झालेली असणार. तिथून एक भिंत आणि एक व्हरांडा ओलांडून या, दोन्ही आकडे सारखेच घसरतात. पहिल्याचं तरीही भागतं, दुसऱ्याकडे काहीच उरत नाही.

आमच्या कॉलेजात दुसरा आकडा होता.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. जुनी दगडी इमारत, हातभर जाडीच्या भिंती, राउटर ऑफिसात. पुण्यात नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वापरलेले लॅपटॉप गोळा करून दिले, त्यातले बरेचसे एकाच मॉडेलचे. विंडोज त्यांच्यावर रडतखडत चालायचं, म्हणून आम्ही सगळ्यांवर लिनक्स टाकलं. यंत्रं झकास चालायला लागली, वाय-फाय सोडून. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस, आणि मुलं लॅपटॉप छातीशी धरून ऑफिसच्या दारात उभी. "मॅडम, वर्गात रेंजच येईना झालीय बघा," हे मला शिपाईमामांपासून प्राचार्य सरांपर्यंत सगळ्यांनी सांगितलं.

चिप चांगली होती. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने दोनऐवजी एकच अँटेना बसवली होती. अँटेना कुठल्या जागेला जोडली आहे याची एक नोंद कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरली जाते, आणि ती नोंद चुकीची होती. ड्रायव्हर ती वाचायचा, खरी मानायचा आणि जिथे अँटेनाच नाही त्या जागेवर सिग्नल शोधत राहायचा.

कर्नल हा शब्द पुढे सारखा येणार आहे, म्हणून थोडं सांगते. संगणकाची मेमरी, प्रोसेसर, डिस्क आणि जोडलेली प्रत्येक वस्तू यांचा ताबा ज्या मूळ प्रोग्रामकडे असतो, तो कर्नल. ब्राउझरला डिस्कवर एक अक्षर जरी लिहायचं असलं तरी त्याला कर्नललाच सांगावं लागतं. एखाद्या विशिष्ट वस्तूशी कसं बोलायचं हे ज्या भागाला ठाऊक असतं, तो ड्रायव्हर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच संग्रहात असतात. चार कोटींच्या आसपास ओळींच्या त्या संग्रहाचा निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे. त्यामुळे ड्रायव्हरमधली दुरुस्ती हवी असेल तर साधारणपणे कर्नलच बदलून घ्यावा लागतो. कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घ्यायची सवय असलेल्यांना हे पहिल्यांदा विचित्र वाटतं.

आमच्या चिपची दुरुस्ती एका दमात झालेली नाही. २०१६ मध्ये, ४.७ आवृत्तीच्या सुमारास, ड्रायव्हरमध्ये 'अँट-सेल' नावाची सोय आली. वापरणाऱ्याने शून्य दिलं तर चिपमधली नोंद मानायची, १ किंवा २ दिलं तर ती बाजूला ठेवून सांगितलेली जागा धरायची. मग लक्षात आलं की याच चिपवर ब्लूटूथही आहे, आणि वाय-फाय व ब्लूटूथने अँटेना वाटून घ्यायची व्यवस्था बघणारा कोड वेगळा आहे. तिथे दुसरी दुरुस्ती झाली. मग तिसरी, मग चौथी. २०१८ मध्ये रिअलटेकचे अभियंता पिंग-के शिह यांनी पाचवी पाठवली. तिच्या टिपणात आधीच्या चारही दुरुस्त्या एकेक करून नोंदवल्या आहेत, आणि एवढे प्रयत्न होऊनही कोड अजून बरोबर नाही असं सरळ लिहिलेलं आहे. अँटेनांसाठी कोडमध्ये 'एक्स१' आणि 'एक्स२' अशी नावं होती. ती वाचून कुणालाच काही कळत नसे. त्याऐवजी 'मुख्य' आणि 'सहायक' अशा अर्थाची नावं दिली गेली, आणि नावं बदलताच चुकीची किंमत कुठे कुठे वापरली होती ते उघडं पडलं. मी मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना हा दाखला नेहमी देते.

ही दुरुस्ती तपासून तिच्यावर आपलं नाव घालणारे होते लॅरी फिंगर. त्यांच्याबद्दल जरा थांबून सांगायलाच हवं. ते स्फटिकशास्त्रज्ञ. वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत त्यांनी खनिजांच्या रचनेवर काम केलं. एल साल्व्हादोरमधल्या इझाल्को ज्वालामुखीवर सापडलेल्या, तांबं आणि व्हॅनेडियम असलेल्या एका खनिजाला त्यांच्या नावावरून फिंगराइट म्हणतात. निवृत्तीनंतर या माणसाने लिनक्सच्या वाय-फाय ड्रायव्हरांना वाहून घेतलं, आधी ब्रॉडकॉमच्या चिपच्या, मग रिअलटेकच्या. कर्नलमध्ये त्यांचे दीड हजारांहून अधिक बदल आहेत. जून २०२४ मध्ये ते गेले. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये बसणाऱ्या, फारसं कौतुक नसलेल्या चिप त्यांनी चालत्या ठेवल्या. आमच्यासारख्या ठिकाणी येतात ते लॅपटॉप त्याच चिपचे असतात.

तर, दुरुस्ती झाली होती. ती आमच्यापर्यंत का येत नव्हती?

लिनक्सची मुख्य आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी निघते. हजारो बदल एका आवृत्तीत असतात. नवी आली की थोड्याच दिवसांत आधीच्या आवृत्तीची देखभाल थांबते. साधारण वर्षातून एक आवृत्ती मात्र दीर्घकालीन म्हणून ठरवली जाते आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्यात फक्त दुरुस्त्या घातल्या जातात. ४.१४, ४.१९, ५.४, ५.१० या अशा आवृत्त्या. दुरुस्त्यांच्या या स्टेबल शाखा २००५ मध्ये सुरू झाल्या. ग्रेग क्रोआ-हार्टमन तेव्हापासून त्या सांभाळतात. सुरुवातीला त्यांच्यासोबत ख्रिस राइट होते, आता साशा लेविन आहेत.

शिवाय लिनक्स लोकांच्या हातात येतं ते उबुंटू, डेबियन, रेड हॅट अशा वितरणांमधून, आणि प्रत्येक वितरण आपल्या सोयीने एक कर्नल निवडून त्यावर टिकून राहतं. रेड हॅटची सातवी आवृत्ती २०१३ सालच्या ३.१० या कर्नलवर उभी होती, आणि तिची नेहमीची देखभाल जून २०२४ पर्यंत चालली. एवढी वर्षं नव्या कर्नलमधल्या दुरुस्त्या त्या जुन्या ३.१० मध्ये बसवण्याचं काम त्यांचे अभियंते करत होते. रेड हॅटचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, त्यामुळे यातले बदल कधी कधी मराठी नावांनीही येतात.

आमच्या यंत्रांवर उबुंटूचा ४.१५ होता. मूळ लिनक्सने ४.१५ ची देखभाल एप्रिल २०१८ मध्येच थांबवली होती. पाचव्या दुरुस्तीच्या टिपणात तळाशी एक ओळ होती, ही ४.७ पासून पुढच्या स्टेबल शाखांमध्ये घ्यावी अशी. त्या ओळीच्या बळावर ती तेव्हा चालू असलेल्या शाखांकडे जाऊ शकत होती. ४.१५ ही शाखाच तिथे उरली नव्हती. ती सांभाळत होता फक्त आमचा वितरक, आणि त्याच्याकडे कुणीतरी मागितल्याशिवाय ही दुरुस्ती त्याच्या नजरेला पडेल याची खात्री नव्हती.

नवा कर्नलच का टाकला नाही, असं मला तेव्हाही विचारलं गेलं. आमच्या सगळ्या यंत्रांचा साचा एक. त्यातल्याच एकाला बायोमेट्रिक हजेरीचं उपकरण जोडलेलं, आणि त्याचा ड्रायव्हर पुरवठादाराने त्या एका कर्नलसाठीच बांधून दिलेला. कर्नल हलवला की हजेरी बंद. कारखान्यातली नियंत्रण यंत्रं, दवाखान्यातली मोजमापाची यंत्रं यांची अडचण याहून मोठी असते. तिथे एकदा तपासून पास केलेली व्यवस्था सहज बदलताच येत नाही. फोनचंही तसंच. कंपनीने ज्या कर्नलवर फोन बाजारात आणला, बहुतेकदा तो त्याच्याच आसपास आयुष्य काढतो. जुना कर्नल वापरणारी माणसं आळशी असतात हा समज मला मुळीच पटत नाही.

दुसरा मार्ग असतो ड्रायव्हर वेगळा उतरवून स्वतः बांधायचा. काही दिवस आम्ही तोही केला. पण कर्नलचा प्रत्येक लहान अपडेट आला की ड्रायव्हर नव्याने बांधला जावा लागतो, आणि एखाद्या यंत्रावर ते बांधणं फसलं की सोमवारी सकाळी ते यंत्र वाय-फायविना उभं. चाळीस मुलांच्या प्रॅक्टिकलला हे परवडत नाही. म्हणून नव्या कर्नलमधली ती एकच दुरुस्ती उचलून आमच्या जुन्या कर्नलमध्ये बसवून द्या, असा अर्ज करायचं ठरलं. या कामाला बॅकपोर्ट म्हणतात.

आमचा अर्ज वितरकाकडे जाणार होता, पण अशा अर्जासाठी स्टेबल शाखांचे नियम लिहून ठेवलेले आहेत, आणि ते कुणीही वाचू शकतं. दुरुस्ती आधी लिनस टॉरवाल्ड्सच्या मुख्य शाखेत गेलेली असली पाहिजे. ती उघडपणे बरोबर आणि तपासलेली हवी. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको. लोकांना खरोखर त्रास देणारा दोष तिने दूर केला पाहिजे, असं झालं तर तसं होईल अशा नुसत्या शक्यतांसाठी ही वाट नाही. एक सवलत आहे. एखाद्या नव्या उपकरणाचा ओळख-क्रमांक आधीच्या ड्रायव्हरच्या यादीत घालायचा असेल तर तेवढी एक ओळही चालते. यूएसबी वाय-फाय डोंगल किंवा मोडेमच्या बाबतीत अनेकदा एवढंच हवं असतं. ड्रायव्हर ते उपकरण चालवू शकत असतो, फक्त त्याला त्याचा क्रमांक माहीत नसतो.

पहिल्या नियमाचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. समजा, दुरुस्ती फक्त जुन्या कर्नलमध्ये घातली. उद्या वापरणारा नव्यावर गेला की त्याचा बरा झालेला दोष परत येणार. त्यामुळे ५.४ मध्ये हवी असेल तर ५.१०, ५.१५ आणि त्यापुढच्या चालू शाखांतही ती असायला हवी. अर्ज करणाऱ्याने हे आधीच बघून ठेवलं तर समोरच्याचं अर्धं काम हलकं होतं.

आता अर्जात काय लिहायचं. स्टेबल संघाला चार गोष्टी लागतात: दुरुस्तीचं शीर्षक, तिची खूण, ती का हवी, आणि कुठल्या कुठल्या आवृत्त्यांत हवी. खूण म्हणजे गिट या प्रणालीने प्रत्येक बदलाला दिलेली चाळीस अक्षरांची ओळख. बोलताना-लिहिताना पहिली बारा अक्षरं पुरतात, पण अर्जात पूर्ण द्यावी. "माझं वाय-फाय चालत नाही, नव्या कर्नलवर चालतं, कृपया बघा" अशा पत्राने काही होत नाही, कारण नव्या कर्नलमध्ये हजारो बदल आहेत आणि त्यातला नेमका कुठला तुम्हाला हवा आहे हे शोधायला तिकडे कुणाकडे वेळ नसतो. तो शोध आपणच घ्यायचा.

शोधायची रीतही सुंदर आहे. दोन आवृत्त्यांच्या मधोमधचा कर्नल बांधून बघायचा. दोष दिसला तर दुरुस्ती पुढच्या अर्ध्यात, नाही दिसला तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. सोळा हजार बदल असले तरी चौदा पायऱ्यांत नेमका बदल हाती लागतो. जुन्या लॅपटॉपवर एकेक कर्नल बांधायला रात्र रात्र लागते, हे मात्र खरं. आमच्या बाबतीत तेवढं करावं लागलं नाही. चिपचं नाव घेऊन ड्रायव्हरच्या बदलांची यादी वाचली, आणि उणे ८, उणे ६२ असलेलं ते टिपण समोर आलं. वाचल्याबरोबर ओळख पटली.

अर्ज लिहायला पुण्यातली आमची एक माजी विद्यार्थिनी फोनवर सोबत होती. मी लिहिलेला पहिला मसुदा शिष्यवृत्ती, परीक्षा, मुलांचे हाल यांनी भरलेला होता. ती म्हणाली, "मॅडम, हे सगळं एका वाक्यात घ्या, बाकी जागा आकड्यांना द्या." तसं केलं. लॅपटॉपचं मॉडेल, चिपचा क्रमांक १०ईसी:बी७२३, कर्नलची नेमकी आवृत्ती. मग 'अँट-सेल' शून्य, एक आणि दोन ठेवून एकाच बाकावरून, एकाच राउटरशी घेतलेली मोजमापं. मग तोच लॅपटॉप त्याच बाकावर नव्या कर्नलने चालवून घेतलेली मोजमापं. जुन्यावर तिन्ही वेळा सिग्नल उणे ऐंशीच्या पलीकडे, नव्यावर योग्य निवड दिल्यावर पन्नाशीत. शेवटी दुरुस्तीची खूण, आणि या बदलाने काय बिघडू शकतं त्याचा एक परिच्छेद. हा परिच्छेद लोक टाळतात. वाटतं, आपल्याच मागणीला आपण हरकत का सुचवावी? पण उबुंटूच्या अशा अर्जात दोषाचा परिणाम आणि चाचणीची कृती यांच्या सोबत, बिघाड कुठे होऊ शकतो हेही लिहावंच लागतं, आणि ते योग्यच आहे. आम्ही लिहिलं: बदल वाय-फाय आणि ब्लूटूथ यांच्या वाटणीच्या कोडला हात लावतो, तेव्हा दोन अँटेना असलेल्या, आज नीट चालणाऱ्या यंत्रांवर दोन्ही एकाच वेळी चालवून बघायला हवं.

उत्तर आलं ते एका चाचणीच्या कर्नलसह. दुरुस्ती घालून पाहिली आहे, चालवून सांगा. आता काम आमचं होतं. आम्ही तो आधी एकाच लॅपटॉपवर टाकला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली सिग्नल मोजला. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून त्याच वेळी मोठी फाइल उतरवली. लॅपटॉप झाकून झोपवला, उघडला, पुन्हा मोजला. दोन अँटेना असलेला एक वेगळ्या मॉडेलचा लॅपटॉप एका प्राध्यापकांकडून मागून आणला आणि त्यावरही तेच सगळं केलं. जे दिसलं ते लिहून पाठवलं. त्यानंतर ती दुरुस्ती नेहमीच्या अपडेटमधून आली, आणि आमच्याबरोबर त्या वितरणावरच्या, ती चिप असलेल्या, आम्हाला कधीही न भेटणाऱ्या सगळ्यांकडे गेली. वर्गात सिग्नल आला त्या दिवशी मुलांनी मला काही विचारलं नाही, अर्ज भरून टाकले आणि निघून गेली. मला फार बरं वाटलं.

चाचणीचं मी इतकं सांगते याला कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जे घडलं ते अशा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावं. ६.१ ही दीर्घकालीन आवृत्ती. तिच्या ६.१.६४ या अपडेटमध्ये ईएक्सटी-४ या फाइल-व्यवस्थेतली एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून आणली गेली. नव्या कर्नलमध्ये ती अगदी बरोबर होती. पण ती ज्या आणखी एका बदलावर अवलंबून होती, तो बदल ६.१ मध्ये नव्हता. परिणाम असा की विशिष्ट पद्धतीने फाइल लिहिताना कुठवर लिहून झालं ही खूण पुढे सरकेना, आणि नंतरचा मजकूर आधीच्या मजकुरावर पडण्याचा धोका उभा राहिला. माहितीच खराब होणं हा सगळ्यात वाईट बिघाड. डेबियनची १२.३ ही आवृत्ती ९ डिसेंबरला निघत होती. ती थांबवावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ घेऊन थेट १२.४ आली. तेवढ्यावर भागलं नाही. त्याच ६.१.६६ मध्ये वाय-फायच्या गाभ्यातली एक दुरुस्ती अशीच तिच्या आधीच्या बदलाशिवाय आलेली होती. काही यंत्रं अडकून बसू लागली, आणि ती मागे घेण्यासाठी लगेच ६.१.६७ काढावी लागली.

दोन्ही वेळा मूळ दुरुस्ती निर्दोष होती. जुन्या कर्नलमध्ये तिच्या पायाखाली जे असायला हवं होतं ते नव्हतं, आणि कोड बांधताना ते कुणाला दिसलं नाही, कारण कोड व्यवस्थित बांधला जात होता. म्हणून "एवढीशी तर दुरुस्ती, घालायला काय जातं" असं मी आता कुणाला म्हणू देत नाही.

कधी कधी दुरुस्ती जुन्यात बसतच नाही, आणि ते त्यामानाने बरं, कारण निदान कळतं तरी. आमच्या चिपचा ड्रायव्हर ४.३ पर्यंत वाय-फायच्या सामायिक फोल्डरमध्ये होता. ४.४ पासून तो रिअलटेक नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये गेला. ४.४ नंतर लिहिलेली दुरुस्ती ४.१ ला लावायला गेलं तर ती ज्या पत्त्यावर जाते तिथे फाइलच नाही. ४.१५ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धत काढून टाकली गेली, तेव्हा त्यानंतरच्या दुरुस्तीत टायमर असेल तर ४.९ साठी ते हाताने पुन्हा लिहावं लागतं. फोल्डर बदलणं सोपं, टायमर त्याहून थोडा अवघड, आणि जिथे आतली रचनाच बदलली आहे तिथे दुरुस्तीचा आशय समजून घेऊन जवळजवळ नवीच लिहावी लागते. असं झालं की स्टेबल संघाकडून मूळ लेखकाला एक ठरावीक पत्र जातं: तुमचा बदल अमुक शाखेला लागला नाही, कुणाला तो तिथे हवा असेल तर त्या शाखेसाठी जुळवून पाठवा. अनेक दुरुस्त्या या पत्रापाशी थांबून राहतात. लेखकाकडे जुना कर्नल नसतो, कधी ती चिपही नसते. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याने पुढे यावं, यासाठी ते दार उघडं असतं. प्रोग्रामिंग येणाऱ्या मुलांना मी सांगते की कर्नलच्या कामात शिरायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. दुरुस्ती समोर आहे, ती बरोबर असल्याचं ठाऊक आहे, फक्त ती जुन्या घडणीत नीट बसवायची आहे, आणि बसवून यंत्रावर चालवून दाखवायची आहे.

पलीकडच्या बाजूला माणसं किती थोडी आहेत हे कळल्यावर माझी घाई कमी झाली. दर स्टेबल अपडेटच्या आधी प्रस्तावित दुरुस्त्यांची यादी जाहीर होते, कधी कधी ती शेकड्यांत असते, आणि हरकत घ्यायला साधारण अठ्ठेचाळीस तास मिळतात. अनेक स्वयंचलित प्रयोगशाळा तेवढ्यात कर्नल बांधून, चालवून निकाल कळवतात. पण एका अँटेनेचा, चुकीच्या नोंदीचा लॅपटॉप त्यांच्याकडे कुठून असणार? तो आमच्याकडे आहे. मला वाटतं, ज्यांची सारी व्यवस्था जुन्या कर्नलवर चालते त्या संस्थांनी, सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी निदान आपल्या यंत्रांवर हे अपडेट आधी चालवून निकाल कळवायला हवेत. केरळच्या सरकारी शाळांत कितीतरी वर्षं लिनक्स आहे. महाराष्ट्रातही कॉलेजं, ग्रंथालयं ते वापरतात. आपल्याकडची यंत्रं कुठली आणि त्यांवर काय चालतं, हे सांगणारे लोक आपल्याकडून फार थोडे आहेत.

थोड्या माणसांवरच्या या भाराचा परिणाम झालाच. एकेकाळी दीर्घकालीन आवृत्ती सहा वर्षं सांभाळली जायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेली ४.१९ डिसेंबर २०२४ पर्यंत चालली. सप्टेंबर २०२३ मध्ये लिनक्सवर वर्षानुवर्षं लिहिणारे जोनाथन कॉर्बेट यांनी युरोपातल्या परिषदेत सांगितलं की यापुढे ही मुदत दोन वर्षांवर आणली जाणार आहे. बरेच लोक नाराज झाले. मला तो निर्णय कळतो. ज्यांना याहून जास्त काळ लागतो त्यांनी स्वतः पैसे आणि माणसं घातली पाहिजेत, आणि काहींनी घातलीही आहेत. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये सुरू झालेल्या सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्ममध्ये सीमेन्स, हिताची, तोशिबा अशा कंपन्या एकत्र येऊन निवडक कर्नल किमान दहा वर्षं सांभाळतात, कारण वीजकेंद्रं आणि रेल्वे दोन वर्षांत बदलता येत नाहीत. त्यांचाही नियम तोच, दुरुस्ती आधी मुख्य शाखेत जायला हवी.

अर्जाला नकारही येतो. दुरुस्ती फार मोठी, किंवा धोका फायद्याहून जास्त, किंवा शाखेची मुदत संपत आलेली. अशा वेळी मी दोन गोष्टी बघते. ड्रायव्हरला बाहेरून देता येणारी एखादी सोय आहे का, आमच्या 'अँट-सेल'सारखी, जिने मूळ दोष टाळता येईल. आणि वितरणाने त्याच आवृत्तीसाठी नवा कर्नल वेगळा देऊ केला आहे का. उबुंटू नव्या हार्डवेअरसाठी असा देतं, डेबियन बॅकपोर्ट्स नावाच्या स्वतंत्र भांडारातून देतं. तो आधी एका यंत्रावर, सगळ्या प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकातून जाऊ द्यायचा आणि मग बाकीच्यांवर टाकायचा.

बायोमेट्रिकचा पुरवठादार बदलल्यावर आमची कर्नल न हलवता येण्याची अडचणही गेली, आणि यंत्रं ५.४ वर आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या ५.४ ची मूळ मुदत डिसेंबर २०२५ पर्यंतची होती, म्हणून त्यावरची आमची यंत्रं दिवाळीच्या सुट्टीत पुढच्या आवृत्तीवर नेली. त्या लॅपटॉपांपैकी काही अजून चालतात. कर्नल नवा असला तरी 'अँट-सेल' द्यावंच लागतं, कारण चिपमधली ती नोंद आजही चुकीचीच आहे. प्रत्येकाच्या झाकणावर मी चिकटपट्टी लावून योग्य आकडा लिहून ठेवला आहे.